आईचा चमचा, ताईचं मेलबर्न आणि ग्रॅम: प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

काम काय ते आधी लिहून ठेवतो म्हणजे मध्येच भरकटायला नको. आईच्या वहीतल्या रेसिपींची मापं ग्रॅम आणि मिलीमध्ये आणायची. ताई मेलबर्नला बसून याच वहीचे फोटो बघून सगळं करते आणि गेल्या दिवाळीत तिची चकली तेलात सोडल्या सोडल्या विरून गेली, कढईत नुसता चुरा. आई म्हणाली मोहन, म्हणजे पिठात घालायचं कडकडीत तेल, जास्त झालं, ताई म्हणाली वहीत लिहिलंय तेवढंच घातलं, दोघी आपापल्या जागी ठाम. तेव्हापासून डोक्यात होतं. आता या पावसात सुट्टीच्या दिवशी ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये कोण जाणार, त्यापेक्षा घरी बसून हे करू.

आज फक्त वही वाचून मापांचे शब्द काढले. चहाचा चमचा, लहान चमचा, नुसता चमचा, पोह्याचा चमचा, मोठा चमचा, पळी, डाव, वाटी, लहान वाटी, फुलपात्र, चिमूट, आणि एका ठिकाणी सरळ "नेहमीसारखं". आईला विचारलं तर कळलं की चहाचा, लहान आणि नुसता हे तिन्ही एकच, पोह्याचा आणि मोठा हे एकच, फक्त आमटीच्या पानावर मोठा म्हणजे वाढायचा. हे कुठे लिहिलंय म्हटलं तर म्हणे "अरे ते वाचताना कळतंच की." बरं.

साहित्य: घरचा किचनचा डिजिटल काटा (१ ग्रॅमच्या पायरीचा), केमिस्टकडून ५ मिलीची सिरिंज सुईशिवाय, बाबांच्या खोकल्याच्या औषधाची खुणा असलेली टोपी, आणि बायकोचा केकसाठी आणलेला मापाच्या चमच्यांचा सेट.

१५ जून, रविवार

आधी पाणी. पाण्याचं बरं असतं, १ मिली म्हणजे जवळजवळ १ ग्रॅम, त्यामुळे काटा आणि सिरिंज एकमेकांना तपासतात. अडचण एवढीच की चमच्यात पाणी काठाच्या वर फुगून बसतं, दिसायला सपाट पण थोडं जास्तच मावतं, म्हणून डोळा काठाच्या पातळीला आणून सिरिंजने थेंब थेंब सोडत मोजलं.

आमचा चहाचा चमचा ४ मिलीच्या आसपास. पोह्याचा चमचा १० ला टेकतो. सेटमधले ५ आणि १५ बऱ्यापैकी बरोबर आले, पाव चमच्याचं मात्र काही खरं नाही, एवढ्याशा खोलगट भागात थेंब इकडे तिकडे झाला की गेलं. आईची वाटी १५० मिलीची. ड्रॉवरमधले बाकीचे चमचे, म्हणजे लग्नात आलेले, कुणाच्या तरी बारशाला आलेले, कुठल्या डब्याबरोबर परत न गेलेले, यातले दोन सारखे सापडायला वेळ लागला. हे फक्त आपल्याकडेच नाही. ग्रीसमध्ये २०१० च्या सुमारास अथेन्सच्या भागातल्या घरांतले चमचे गोळा करून मोजले होते, त्यात चहाचे चमचे २.५ पासून ७.३ मिलीपर्यंत निघाले. म्हणजे एकाच औषधाचा एक चमचा एका घरात दुसऱ्याच्या जवळपास तिप्पट. बाबांना सांगितलं की औषध टोपीनेच घ्या, तर त्यांचं म्हणणं टोपी चिकट होते. धुवा ना मग.

१७ जून, मंगळवार

ताईशी व्हिडिओ कॉल, आपल्या संध्याकाळचे सहा म्हणजे तिच्याकडे रात्रीचे साडेदहा, जांभया देत होती पण काम झालं. तिला म्हटलं चकलीला मोहन कशाने मोजलंस ते दाखव. टेबलस्पून दाखवला, तिथेच घेतलेला. आणि भाजणी कशाने? तर आईनेच बॅगेत घालून दिलेली स्टीलची वाटी, इथलीच, १५० वाली.

इथेच सगळं आहे. टीस्पून जवळपास सगळीकडे ५ मिलीचा, पण टेबलस्पून देशागणिक बदलतो. अमेरिकेत १४.८, मेट्रिकवाल्या बऱ्याच देशांत १५, आणि ऑस्ट्रेलियात चक्क २०. बाकीच्यांकडे तीन टीस्पूनचा एक टेबलस्पून, त्यांच्याकडे चारचा. आईच्या वहीत "एक वाटी भाजणीला एक मोठा चमचा कडकडीत तेल", मोठा म्हणजे १० मिली. ताईने तेवढ्याच वाटीला २० घातलं. दुप्पट मोहन. चकली विरेल नाहीतर काय होईल, मोहनाने पीठ खुसखुशीत होतं ते ठीक पण प्रमाणाबाहेर गेलं की धरून ठेवायला काही उरतच नाही.

म्हणजे दोघीही बरोबर होत्या. वाटी बॅगेतून गेली आणि चमचा इथेच राहिला एवढंच. आई लगेच म्हणाली, "मग एक चमचा पाठवून दे ना, कशाला एवढं मोजत बसलायस." मुद्दा बरोबर आहे, भावोजींचा मित्र ऑगस्टमध्ये जाणारे त्याच्याबरोबर देऊ. पण त्याने चकली सुटेल, मीठ नाही सुटणार, ताईची दुसरी तक्रार आमटी अळणी लागते ही आहेच.

२१ जून, शनिवार

मीठ. किचनचा काटा इथे हरला. १ ग्रॅमच्या पायरीचा काटा एक चमचा मीठ कधी ४ दाखवतो कधी ५, आणि चिमूटभर घातलं तर काहीच दाखवत नाही. शिवाय हळूहळू घातलं तर हे काटे ती भर शून्यातली हलचल समजून गिळून टाकतात, म्हणून रिकामी वाटी ठेवून एकदम ओतावं लागतं. दोन उपाय: दहा चमचे एकत्र मोजून दहाने भागायचं, किंवा सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणायचा जो ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. जांभळी नाक्याला गेलो होतो भाजीला, तिथून आणला. परत येताना तलावपाळीजवळ पाऊस गाठला, काटा शर्टाच्या आत.

बारीक टेबल सॉल्ट, ५ मिलीचा सपाट चमचा: ६ ग्रॅमच्या आसपास. खडे मीठ त्याच चमच्यात बरंच कमी, खड्यांमध्ये हवाच जास्त. ताई कुठलं वापरते? तर ते समुद्री मिठाचे पातळ पापुद्रे मिळतात ते, डब्यावर फोटो छान असतो. ते चमच्यात निम्म्याच्या आसपास बसतं. म्हणजे तिने मोजून एक चमचा घातला तरी मीठ पडलं अर्ध्या चमच्याचं. आमटी अळणी का, याचं उत्तर मिळालं आणि तिला ते आवडलं नाही कारण ते मीठ महाग आहे.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. आमच्या टेबलावरची लोणच्याची बरणी बघून पुढचं वाक्य लिहीत नाही.

पावसाळ्याचं एक: मीठ आणि साखर दोन्ही ओलसर झालेत, मिठात तांदळाचे दाणे टाकलेत तरी. ओलसर मीठ चमच्यात गोळे होऊन बसतं, मध्ये पोकळ्या राहतात, वजन दर वेळी वेगळं. मीठ कढईत हलकं कोरडं करून घेतलं आणि मगच आकडा लिहिला. ठाण्यातला जुलै आणि ठाण्यातला एप्रिल यांचा चमचा एक नाही.

२२ जून, रविवार

आजचा विषय शीग, म्हणजे चमच्याच्या काठावर उभा राहणारा ढीग. सगळ्यांना एकाच डब्यातून, एकाच चमच्याने "एक चमचा साखर" काढायला लावली, न सांगता की वजन करतोय. बाबांचा चमचा शिगोशीग, ७ ग्रॅमच्या घरात. बायकोचा डब्याच्या काठाला घासून सपाट, ४ च्या खाली. आई मधे, पण तिचं बघण्यासारखं आहे: परत परत काढायला लावलं तरी तिचा आकडा हलतच नाही, इकडे तिकडे थोडंसं. हात बसलाय. तिच्या वहीतला चमचा म्हणजे हा चमचा अधिक हा डबा अधिक तिचं मनगट, आणि त्यातलं एकच लिहिलं जातं.

सुरीने सपाट करून मोजायची पद्धत अमेरिकेत फॅनी फार्मर या बाईंनी लोकांच्या अंगवळणी पाडली, १८९६ मध्ये, त्याआधी तिकडेही अंड्याएवढं लोणी वगैरेच चालायचं. आपल्याकडे धान्याची मापं कडक होती, चिपटं, मापटं, शेर, पायली, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि शीग लावून की सपाट हे व्यवहार करताना ठरलेलं असायचं. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक आलं, माप गेलं, वजन आलं. स्वयंपाकघरात मात्र कायदा पोचला नाही.

ठरलं: तक्त्यात सगळं सपाट चमच्याने. बाबांच्या चहाचं त्यांना सांगितलं की तुमचा एक म्हणजे पावणेदोन, दिवसातून तीनदा, आणि वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर जास्त चांगलं म्हणतात म्हणजे जेमतेम सहा सपाट चमचे. ते म्हणाले काटा आधी होता तिथे ठेव.

२८ जून, शनिवार

चहा. यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त प्यायलाही गेला.

आपण वापरतो ती सीटीसी, पान चिरडून, फाडून, गुंडाळून केलेली दाणेदार पावडर, हे यंत्र १९३० च्या सुमारास आसाममध्ये आलं. दाणे गोल आणि जड, चमच्यात गच्च बसतात. सेटमधल्या ५ मिलीच्या चमच्यात सपाट भरली तर २ ग्रॅमच्या थोडी वर. बायकोला कुणीतरी दार्जिलिंगचा पानाचा चहा दिलाय, तो त्याच चमच्यात त्याच्या निम्म्याला पण पोचत नाही, पानं आडवीतिडवी अडकतात, एक लांब पान आडवं आलं की संपलंच. म्हणजे "कपाला एक चमचा" हे वाक्य चहा बदलला की खोटं. आणि ताई तिकडे टी बॅग फोडून पावडर काढते, ती त्याहून बारीक.

याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, खरंच आहे, आयएसओ ३१०३, १९८० चं. १०० मिली पाण्याला २ ग्रॅम चहा, सहा मिनिटं. त्याच्याशी जुळणारं ब्रिटिश मानक सहा पानांचं होतं आणि त्याला १९९९ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे हसवणारं नोबेल. पण ते चव तपासणाऱ्यांसाठी आहे, वेगवेगळे चहा एकाच पद्धतीने करून तुलना करायला. आपला चहा उकळतो, त्यात आलं, मग दूध, मग परत उकळी, तिथे ६ मिनिटं कुठून मोजायची.

तरी आईचा चहा मोजला. चार कपाला तीन कप पाणी, एक कप दूध, आणि चहाचे चार चमचे, चमचा डब्यातच राहणारा, ४ मिलीचा, किंचित शिगेसकट. वजन ८ ते ९ ग्रॅम. ताईला गंमत वाटली की मानकाच्या जवळच आहे. मला नाही वाटली, दूध आणि साखर घालून उकळायचं म्हटल्यावर याहून कमी घातली तर गरम दूधच लागतं.

दुधाचंही लिहून ठेवतो, तिच्याकडचं दूध आणि आपलं पिशवीतलं म्हशीचं यात फॅटचा फरक मोठा, चमच्यांनी तो भरून निघणार नाही. पुढे.

३ जुलै, गुरुवार

छोटी नोंद. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाला जुलाब, पावसाळ्याचं नेहमीचं. ओआरएसचं पाकीट आणायला कुणी गेलेलं, तोवर घरी काय करायचं विचारायला आल्या. १ लिटर स्वच्छ पाणी, साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा, चमचा ५ मिलीचा. मी सेटमधला चमचाच देऊन टाकला. इथे शीग चालत नाही, मीठ जास्त झालं तर लहान मुलाला उलट त्रास. ताडून पाहिलं: अर्धा चमचा मीठ म्हणजे साधारण ३ ग्रॅम, पाकिटातल्या लिटरच्या मिश्रणात मीठ २.६ ग्रॅम असतं. एवढ्या साध्या मापाला इतकं जवळ येणं भारीच. पाकीट आलं की तेच द्या म्हटलं, त्यात पोटॅशियमही असतं.

६ जुलै, रविवार, आषाढी

साबुदाणा खिचडी, घरात सगळ्यांचा उपास, म्हणजे एकादशी दुप्पट खाशी. आईने आज काहीच चमच्याने मोजलं नाही. साबुदाणा वाटीने, कूट त्याच वाटीने अर्धं, आणि भिजवताना वर बोटाच्या पेराएवढंही पाणी नाही. मीठ सोडलं तर सगळं वाटीवर.

आणि दुपारी वरच्या काकू आल्या त्यांच्यासाठी बायकोने फेटलेली कॉफी केली: कॉफी, साखर, गरम पाणी, तिन्ही सारखे चमचे, फेस येईपर्यंत फेटायचं. मी पोह्याचा चमचा दिला, नंतर चहाचा देऊन परत करायला लावली. दोन्ही वेळा तशीच झाली, फक्त एकदा जास्त. अर्थात होणारच.

हे इतकं उघड आहे की लिहायला लाज वाटते पण अख्ख्या प्रकल्पाचं सार हेच निघालं. सगळं एकाच भांड्याने मोजलं तर भांडं कितीही लहान मोठं असू दे, प्रमाण तेच राहतं, भाताला वाटीभर तांदूळ आणि दोन वाट्या पाणी ठाण्यात जसं तसं मेलबर्नला. गडबड होते तिथेच जिथे चमचा आणि वाटी एकाच वाक्यात येतात. मोहन आणि भाजणी. मीठ आणि कणीक. सोडा आणि बेसन. चहा आणि कप.

मग वही परत काढली आणि प्रत्येक ओळीवर खूण केली: एकाच भांड्याची असेल तर सोडून दे, दोन भांड्यांची असेल तर ग्रॅम काढ. काम एकदम निम्म्यावर आलं.

१२ जुलै, शनिवार

ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी, तिथून रिक्षाने एपीएमसीचं मसाला मार्केट. उन्हाळ्यातली वर्षाच्या मसाल्याची गर्दी संपलेली, शांतपणे बघता आलं. बेडगी आणि लवंगी दोन्ही थोडी थोडी घेतली, घरी दळून मोजायला.

तिखट ५ मिलीला अडीच ग्रॅमच्या आसपास, हळद तीनच्या. पण तिखटाचं वजन काढून उपयोग शून्य, लवंगीचा एक चमचा आणि बेडगीचा एक चमचा काट्यावर जवळपास सारखे आणि तोंडात अजिबात नाही. तक्त्यात तिखटापुढे मिरचीची जात लिहिली, ग्रॅम कंसात पण नाही.

गोडा मसाला डब्यात बसत जातो. ताजा दळून आणलेला फुललेला असतो, महिनाभर डबा हलून आपटून तळाचा मसाला दाबला जातो, तळाशी पोचल्यावर त्याच चमच्यात जास्त येतो. वास मात्र तोवर कमी झालेला, त्यामुळे बहुतेक हिशोब आपोआप जुळत असावा. मिसळणाच्या डब्यातला इवलासा चमचा मोजला, २ मिली पण नाही. आईचं "हळद एक चमचा" याच चमच्याचं आहे. ताईच्या पिवळ्याधमक बटाट्याच्या भाजीचे फोटो आता समजले.

हिंग, मोहरी, जिरं: मोजत नाही. फोडणीत दाणा इकडे तिकडे झाल्याने कुणाचं काही अडत नाही.

१९ जुलै, शनिवार

चिकट वस्तू. तेल पाण्यापेक्षा हलकं, ५ मिली म्हणजे ४.६ ग्रॅम. मध उलटा, सातच्या आसपास, आणि त्यातलाही बराच चमच्यालाच राहतो, आधी चमच्याला तेलाचा हात लावला तर सगळा सुटतो. तूप: पातळ केलेलं मोजावं. थिजलेलं, रवाळ तूप चमच्यावर डोंगर करून उभं राहतं, आणि आई पुरणपोळीवर जे वाढते ते माप नसून माया आहे, ते सोडून दिलं.

खायचा सोडा आणि बेकिंग पावडर ताईला एकच वाटत होते. नाहीत, बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्ल आणि स्टार्च असतो, त्यामुळे सोड्याच्या जागी तेवढीच घातली तर ढोकळा बसतो, आणि पावडरच्या जागी तेवढाच सोडा घातला तर साबणासारखी चव. सोडा ५ मिलीला ५ ग्रॅमच्या थोडा खाली, पण आपल्याला लागतो पाव चमचा. इथे छोटा काटा वसूल झाला.

२७ जुलै, रविवार

तक्ता तयार, तीन रकाने: आईचे शब्द, ग्रॅम किंवा मिली, आणि तिथल्या चमच्याने किती. मोठा चमचा म्हणजे तिकडचे दोन टीस्पून, टेबलस्पून या शब्दावर पूर्ण काट. आईने तक्ता चष्मा लावून वाचला, "नेहमीसारखं" च्या पुढे मी ४ ग्रॅम लिहिलं होतं ते बघून म्हणाली, "पाच कर, तू मोजलंस तेव्हा कोथिंबीर कमी होती." पाच केलं. कोथिंबिरीचा मिठाशी काय संबंध ते विचारलं नाही.

ताईने अर्ध्या वाटीची चकली करून बघितली, मोहन एक टीस्पून, म्हणजे ५ मिली. विरली नाही, काटे पण छान आले, फोटो आलाय. पण थोडी कडक झाली म्हणते. मोहन आता बरोबर आहे, तेव्हा संशय वाटीवर: ती भाजणी दाबून, ठोकून भरते आणि आई भुरभुरवून, आणि दाबलेल्या वाटीत पीठ बरंच जास्त बसतं. पुढच्या शनिवारी भाजणीची वाटी दोन्ही पद्धतींनी मोजायची. चमचे घेऊन ठेवलेत, आईच्याशी जुळणारे १० मिलीचे शोधायला दुकानदाराचा अख्खा ट्रे उपसला आणि तो काही बोलला नाही. ऑगस्टच्या बॅगेत ते आणि पाव किलो भाजणी.